रोजचे देणे

निश्चय करण्याच्या बाबतीत माझा हात धरील असा मनुष्य आमच्या आळीत तरी नाही. व्यायामाचा, रोजनिशी लिहिण्याचा, चहातली साखर सोडण्याचा, विद्यार्थ्यांचे पेपर वेळेवर तपासण्याचा, असे कितीतरी निश्चय मी आजवर केले आणि ते सगळे अगदी मनापासून केले. निश्चय करताना जो आनंद होतो तो पाळताना होत नाही, हे माझ्या फार लवकर ध्यानात आले. म्हणून मी तो पहिला आनंदच पुन्हा पुन्हा घेत राहिलो.

यांतला सर्वांत जुना निश्चय म्हणजे रोज पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचण्याचा आणि प्रार्थना करण्याचा. आमचे घराणे नगरचे, ख्रिस्ती. नगरचे अहिल्यानगर झाले ते २०२४ साली. पण माझ्या आठवणी त्या आधीच्या, तेव्हा मी नगरच म्हणतो, वाचकांनी रागावू नये. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, बाबाही मास्तर. घरात पहाटे साडेपाचला दिवा लागे. बाबा सतरंजीवर मांडी घालून बसत, आई त्यांच्या शेजारी, आणि भिंतीला टेकून दादा आणि मी. एक अध्याय वाचायचा, प्रत्येकाने एकेक वचन. मग ना. वा. टिळकांचा एखादा अभंग. बाबा टाळ धरीत आणि आई सूर. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. शेजारच्या अण्णांकडे संध्याकाळी हरिपाठ चाले. अण्णा आणि बाबा ओट्यावर बसले की एकमेकांच्या पोरांच्या आळसाविषयी त्यांचे संपूर्ण एकमत होई. तेवढ्यापुरता धर्म आड येत नसे!

खरे सांगायचे तर या पहाटेच्या उपासनेत मी पुष्कळदा झोपलेला असे. डोळे मिटून प्रार्थना करण्याची पद्धत ज्याने काढली त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. माझ्या वाटणीचे वचन आले की दादा कोपराने ढोसत असे, मी दचकून वाचत असे, आणि बाबा काही न पाहिल्यासारखे करीत असत. एम. ए.साठी पुण्याला वसतिगृहात आलो तेव्हा ही सवय आठ दिवसांत सुटली. वाईट वाटायला हवे होते. पण पेपर संपल्यावर वाटते तसे हायसे वाटले.

पुढे संसार झाला, नोकरी लागली, आणि मनात कुठेतरी खुट्ट खुट्ट वाजू लागले. मग दर एक जानेवारीला मी नवा निश्चय करू लागलो. आमच्या शास्त्रात पुस्तके सहासष्ट आणि अध्याय १,१८९. रोज सव्वातीन अध्याय वाचले की वर्षात पारायण पुरे होते, हा हिशेब मी कितीदा मांडला असेल! स्कॉटलंडमध्ये डंडी गावी मॅकचेन नावाचा तरुण पाळक होऊन गेला. त्याने आपल्या मंडळीसाठी १८४२ साली रोज चार अध्यायांचे वेळापत्रक तयार केले. (आमच्या नगरला 'ज्ञानोदय' निघाले तेही १८४२ सालीच.) ते वेळापत्रक आजही जगभर वापरले जाते. मीही ते कपाटाच्या दारावर चिकटवले. उत्पत्ती झपाट्याने संपे. निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंत उत्साह टिके. मग लेवीय लागे. कोणते अर्पण कसे करायचे, कोणता प्राणी खायचा आणि कोणता नाही! त्या घाटात माझी गाडी दर वर्षी बंद पडे, आणि वेळापत्रक दारावर पिवळे पडत जाई.

हे असेच चालले असते. पण २०२१ साली बाबा गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. नगरचे घर विकायचे ठरले आणि वाटणीसाठी नातेवाईक जमले.

येथे थोडा घरचा हिशेब सांगितला पाहिजे. दादाचे नगरला सायकलींचे दुकान. २०१७ साली ते वाढवण्यासाठी त्याने माझ्याकडून तीन लाख रुपये घेतले. २०२० साली टाळेबंदी आली, दुकान कित्येक महिने बंद राहिले, आणि पैसे राहून गेले. मी कधी मागितले नव्हते. पण विसरलोही नव्हतो. डायरीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिलेला होता. त्या दिवशी, मामा, आत्या, सगळे बसलेले असताना, मी म्हणालो, "आधी माझे तीन लाख वळते करा, मग वाटणी."

दादा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "बाबांच्या उशाशी मी चौदा महिने रात्री जागलो. तो हिशेब कुठल्या डायरीत आहे रे?"

मी काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही. लिहिण्यासारखे नव्हते. घर विकले गेले, पैशांची वाटणी झाली, माझे तीन लाख तसेच राहिले आणि आमचे बोलणे बंद झाले. बाबांचे पवित्र शास्त्र माझ्या वाट्याला आले, कारण ते दुसऱ्या कोणी मागितले नाही.

ते पुस्तक दोन वर्षे कपाटावर पडून होते. एकदा धूळ झटकायला काढले तर समासात सगळीकडे पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या, अध्यायापुढे तारखा. बाबांनी ते किती वेळा वाचले होते कोण जाणे. पण मला धीर आला तो त्यांच्या चुकांनी! काही तारखांमध्ये आठ-आठ दिवसांची खिंडारे होती. एकदा तर दीड महिन्याचे. आणि त्यानंतर पुन्हा तारीख, पुन्हा खूण. म्हणजे बाबांचीही गाडी बंद पडत होती तर! फरक एवढाच की त्यांनी एक जानेवारीची वाट पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून पुढचा अध्याय धरला होता.

या वेळी मी निश्चय केला नाही. नुसती एक गोष्ट केली. सकाळी चहाचे आधण ठेवतो ते उकळेपर्यंत दहा-बारा वचने वाचायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. चहा चुकत नाही, म्हणून वाचनही चुकेनासे झाले. पुढे कळले की यामागे शास्त्र आहे, आणि ते पवित्र नसलेले शास्त्र आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव माणसांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली तर ती अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागतात; कुणाला अठरा, कुणाला दोनशे चौपन्न. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. सहासष्ट पुस्तके आणि सहासष्ट दिवस! हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते, पण मास्तरांच्या मुलाला असल्या योगायोगाचे सुख होतेच.

सवय लागली, आणि घोटाळा तेथेच झाला.

मी मत्तयापासून सुरुवात केली होती. प्रभूची प्रार्थना त्यातल्या सहाव्या अध्यायात आहे, डोंगरावरच्या प्रवचनाच्या ऐन मध्यावर. टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते या प्रवचनापाशी आले आणि ते त्यांना सोडवेना. दोन वर्षांनी, १८९५ साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी त्याच पानांवर इतकी वर्षे सुखाने झोपलो होतो! प्रार्थनेतली वाक्ये माझ्या तोंडून अशी निघत, जशी जलद गाडी लहान स्टेशनांवरून जाते; पाट्या वाचायला सवड नाही. पण रोज एकट्याने, सावकाश म्हणू लागलो, आणि रोजच्या भाकरीनंतरच्या स्टेशनावर गाडी थांबली.

तेथे क्षमा मागायची आहे. पण आमच्या मराठी शास्त्रात त्या जागी पाप हा शब्द नाही. शब्द आहे ऋण. आमची ऋणे सोड, असे मागायचे. आणि कशाच्या आधारावर, तर आम्ही आमच्या ऋणकोंना मोकळे केले आहे, या आधारावर. व्याकरण शिकवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. तेथला काळ माझ्या नजरेतून कसा सुटेल? क्रियापद भविष्यकाळी नाही, विध्यर्थी नाही. पूर्ण वर्तमानकाळ आहे. सोडू नव्हे, सोडावे नव्हे, सोडले आहे. काम होऊन गेलेले आहे, असे देवापुढे उभे राहून सांगायचे. आणि माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर तीन लाख!

मी पहिला उपाय केला तो पळपुट्याचा. ते वाक्य पुटपुटून जाऊ लागलो. पुढे पुढे ते गाळूनच टाकले. भाकरीवरून एकदम मोहापर्यंत उडी. एके दिवशी आमच्या सौभाग्यवती चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मधली एक ओळ राहिली वाटतं. मास्तरांच्या घरात गाळलेल्या जागा?"

मी हसलो, पण दिवसभर वर्गात लक्ष लागले नाही.

या जागेवर अडखळणारा मी पहिला नव्हे. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. त्यात सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेत मठप्रमुखाने ही प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी पूर्ण म्हणावी, असे सांगितले आहे. इतर वेळी तिचा शेवटचा भागच मोठ्याने म्हटला तरी चालेल. कारणही दिले आहे. मठात भांडणांचे काटे उगवत असतात. तेव्हा आपण कोणत्या करारावर क्षमा मागतो, हे दिवसातून दोनदा कानांवर पडलेले बरे! घरदार सोडलेल्या संन्याशांची ही कथा, तर वाटणीला बसलेल्या भावांचे काय?

बाबांच्या पुस्तकात मागच्या कोऱ्या पानावर प्रार्थनेसाठी नावांची यादी होती. आई, आत्या, शेजारचे अण्णा, शाळेतली काही मुले. एकेका ओळीत एकेक नाव. फक्त एका ओळीत दोन नावे होती, दादाचे आणि माझे, आणि मधे 'आणि'. उभयान्वयी अव्यय म्हणून तो शब्द मी हजारो मुलांना शिकवला असेल. ज्या अव्ययाने बाबांनी आम्हा दोघांना रोज पहाटे जोडून धरले, ते अव्यय मी त्यांच्या दहाव्याच्या आत मोडले होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी एसटीत बसलो. पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पण सुपे येईपर्यंत मी तीनदा उतरण्याचा विचार केला. दुकानात दादा एका मुलाच्या सायकलीची साखळी बसवीत होता. त्याने मान वर करून पाहिले, हात पुसले आणि म्हणाला, "चहा घेणार?" जणू मी कालच गेलो होतो.

पैशांविषयी दिवसभर कोणीच काही बोलले नाही. रात्री वहिनींनी जेवणानंतर सतरंजी अंथरली. त्या घरात उपासना चालू होती. मोडली होती ती फक्त माझ्याकडे. पुतणीने अध्याय वाचला. मग सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. भाकरीचे वाक्य झाले, आणि दादाचा आवाज थांबला. वहिनी आणि मुलगी पुढे म्हणत राहिल्या. दादा खाली मान घालून बसला होता. मीही थांबलो होतो. सव्वाशे किलोमीटर अंतरावर आम्ही दोघे रोज एकाच ओळीवर अडकत होतो, हे मला तेव्हा समजले. लहानपणी माझे वचन आले की दादा कोपराने ढोसत असे. या वेळी मी त्याला ढोसले. त्याने दचकून पाहिले, आणि ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून, इतरांच्या मागून, पुरे केले.

मग ओट्यावर बसून मी त्याला सांगितले, "दादा, ते पैसे सोडले."

"तू सोडशील रे," तो म्हणाला, "पण मला सुटले पाहिजेत ना!"

"आणि त्या चौदा महिन्यांचे काय? ते तर माझ्याच्याने फिटणार नाहीत."

तो काही बोलला नाही. अण्णांच्या मुलाने लावलेला आकाशकंदील आम्ही दोघे कितीतरी वेळ पाहत बसलो.

तेव्हापासून तो दर महिन्याला दोन हजार रुपये पाठवतो. मी नको म्हणून पाहिले, ऐकत नाही. डायरीतले पान मी फाडले असल्यामुळे ते कोठे जमा करायचे हा प्रश्न आहे. पण त्यालाही एक सवय लागली आहे, आणि लागलेली चांगली सवय मोडू नये, एवढे मला आता कळते.

टिळक दोन वर्षांत पोहोचले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. सोवळेओवळे एकेक पायरी सोडत त्या स्वतःच्या चालीने आल्या. झपाट्याने जाणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण माझी जात सावकाश चालणाऱ्यांची. अजूनही चुकते. हा लेख लिहिण्याच्या नादात आज सकाळचे वाचन राहिले, आणि परवा लेवीय पुन्हा लागले आहे. उद्या आधण ठेवले की पुढचा अध्याय धरीन, आणि समासात बाबांच्या तारखेखाली माझी तारीख घालीन. आपल्या घरी देवापुढे, तुळशीपुढे दिवा लावणारी माणसे हे जाणतातच. कालच्या तेलावर आजचा दिवा लागत नाही. रोज थोडे घालावे लागते.