कूलर लावायच्या आधी डीबी उघडा

राजेहो, तुरी निघाल्या, हरभरा घरात आला. आता घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतील. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरशिवाय इलाज नाही. अन् उन्हाळा लागला की वऱ्हाडात कुणीतरी ओल्या हातानं कूलरला चिकटल्याची बातमी येतेच.

परवा आमच्या घरी कूलर सुरू केला अन् दोन मिनिटांत लाइट गेली. डीबीतला आरसीसीबी पडला होता. तीनदा चढवला, तीनदा पडला. वायरमन आला, म्हणे, "भाऊ, हे डबडंच बेकार आहे. बायपास करून देतो, कटकट मिटते. एमसीबी आहे न!" म्हटलं, "थांब बावा, आधी कूलरची पिन काढून पाहू." पिन काढली, आरसीसीबी चढला. मंग कूलर उघडला. पंपाची वायर पत्र्याला घासून सोललेली, तांबं उघडं पडलेलं. नातू दिवसभर त्याच कूलरसमोर खेळतो. अन् हा पठ्ठ्या ज्याला बेकार म्हणत होता, ते डबडं आपलं काम बरोबर करत होतं.

बहुतेक घरी डीबीत नुसत्या एमसीबी असतात. त्या वायर जळू नये म्हणून. १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या पुढे करंट गेल्यावरच पडते. माणसाचा जीव अँपिअरच्या दहाव्या हिश्श्यातही जाते. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला नाही, की खटकन बंद.

कोणी म्हणंल, आमच्याकडं अर्थिंग आहे. असंल. पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाइपापासून माती सुटते, रेझिस्टन्स वाढतो. समजा २० ओहम झाला, तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतात. १६ ची एमसीबी जागची हालत नाही, अन् कूलरच्या पत्र्यात करंट तसाच. अर्थिंगच्या खड्ड्यात आतापासूनच पाणी टाकत जा.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटन असते. लाइट असताना महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर बदलून घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर मात्र त्यालाही कळत नाही. म्हणून कूलरमध्ये पाणी भरायचं ते पिन काढूनच.