मोरीला बोळा

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स सांभाळतो. खर्चाच्या व्हाउचरांवर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढणं हे माझं काम. ड्रायव्हरने डिझेलची पावती जोडली नाही, स्टोअरवाल्याने एकच माल दोनदा मागवला, की माझी नजर बरोबर तिथे जाते. 2015 साली हीच नजर मी घरी आणली आणि पुढची तीन वर्षं घरच्यांना भरपूर ताप दिला.

कारणं खरी होती. चिखलीत फ्लॅट घेतलेला, अठरा लाखांचं कर्ज, सतरा हजारांवर हप्ता. मुलगी पहिलीत गेलेली. वडील गेल्यावर आई औशाहून आमच्याकडे राहायला आलेली. पगार बेचाळीस हजार. पंचवीस तारखेनंतर दारावरची बेल वाजली की पोटात गोळा यायचा, पेपरवाला तर नसेल? तोवर घरखर्च बायको बघायची. पगार झाला की दूध, शाळा, किराणा, गॅस, औषधं असे पैसे ती लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत घालून कपाटात ठेवायची. मला ती पद्धत अडाणी वाटली. मी एक्सेलमध्ये शीट केली, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहानंतर सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचायला लागलो. कोथिंबीर चाळीस, रिक्षा साठ, लेकीच्या क्लिपा पन्नास, आईची औषधं सहाशे वीस.

माझ्या खर्चाला त्या शीटमध्ये एकच रकाना होता: 'किरकोळ'. त्यात गेटवरचा चहा-वडापाव, शनिवारची मित्रांबरोबरची बैठक, नव्या मोबाइलचा हप्ता असं सगळं जायचं. ऑफिसात कुणी 'किरकोळ' एवढंच लिहून चार हजारांचं व्हाउचर आणलं असतं तर मी ते उभ्या उभ्या परत केलं असतं. घरी लिहिणारा मीच आणि पास करणाराही मीच.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला, सरकार साठेबाजांच्या गोदामांवर छापे घालत होतं, आणि वाण्याकडे लोक डाळ अर्धा-अर्धा किलो मागत होते. मी गणित मांडलं. आज हा भाव, तर संक्रांतीला अडीचशे होणार. बोनस झाला होता. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जाऊन पावणेदोनशेच्या भावाने तीस किलोचा कट्टा उचलला, आणि स्कूटरवर पायापाशी आडवा टाकून, गुडघे फाकवून, चिखलीपर्यंत आणला. सव्वापाच हजार रुपये एका डाळीवर. वाटेत मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

आईने कट्ट्याचं तोंड सोडलं, मूठभर डाळ तळहातावर घेतली, दोन दाणे दातांखाली धरले. "जुनी हाय," ती म्हणाली. "आता कशाला आणलास? दोन महिन्यांत नवी तूर निघंल की." औशाच्या बाईला तूर शिकवायची नसते. तूर जून-जुलैत पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला बाजारात असतो तो गेल्या सालच्या मालाचा तळ, तोही चढ्या भावाचा. वर्षाची डाळ भरायची ती नवा माल आल्यावर, उन्हाळ्यात. एप्रिल-मेचं कडक ऊन दाखवायचं, किलोला थोडं एरंडेल चोळायचं, डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी गच्चीवर डाळीची राखण मीच करायचो. पण शीटमध्ये ऊन आणि एरंडेल यांना रकाना नव्हता.

नवी तूर आली. भाव अडीचशेला गेला नाही. थोडा उतरलाच. पावसाळा लागला तशी कट्ट्यातली डाळ दमट झाली आणि तिच्यात भुंगेरे झाले. बायको आणि आई दोन दुपारी सुपं घेऊन बसल्या होत्या. सुपाच्या कडेने काळे बारीक किडे चढत होते आणि लेक ते मोजत होती. जवळजवळ तिसरा हिस्सा टाकावा लागला. उरलेल्या डाळीचं वरण लेकीने दिवाळीपर्यंत तोंडाला लावलं नाही, तिला प्रत्येक घासात पाय दिसायचे.

या गोष्टीचं शेपूट औशालाच निघालं. माझ्या मामेभावाने तो दोनशेचा भाव ऐकून 2016 च्या पावसाळ्यात सोयाबीन कमी करून तूर वाढवली. तसं सगळ्यांनीच केलं होतं, आणि पाऊसही चांगला झाला. 2017 च्या सुरुवातीला तूर इतकी आली की क्विंटलला 5,050 रुपये हमीभाव असताना व्यापारी चार हजारही धड बोलेनात. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना संपला म्हणून तो ट्रॅक्टर लावून मुक्कामाला होता. फोनवर मला म्हणाला, "दादा, तू चढ्या भावात घेतलास, मी चढ्या भावाला भुलून पेरलो. दोघंबी हुशार."

विजेचं प्रकरण यापेक्षा लाजिरवाणं आहे, कारण त्यात माझा धंदाच उघडा पडला. बिल शंभर युनिटच्या आत ठेवायचं, असा मी फतवा काढला होता. महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि पुढचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक असतो. एकशे एकावं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं मी धरून चाललो होतो. सोसायटीत सगळे तेच म्हणायचे. तसं नसतं. पहिली शंभर युनिटं स्वस्तातच राहतात, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. इन्कम टॅक्सचे स्लॅब अगदी असेच चालतात, आणि कारखान्यातल्या साठ माणसांना दर मार्चमध्ये ते समजावून सांगणारा मीच.

तर शंभराच्या आत राहायचं म्हणून रात्री फ्रिज बंद. सकाळी चालू केला की तो बिचारा रात्रीची भरपाई करायला तासभर घरघरायचा, त्यामुळे वाचायचं ते नावापुरतं. वैशाखात दूध नासायला लागलं. नासलेल्या दुधाचं पनीर करायचं, असा तोडगा मी सुचवला. बायको काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. बाथरूममध्ये दोन किलोवॅटचा गिझर होता. तो तासभर चालला की दोन युनिटं जातात. पंच्याहत्तर वॅटचा पंखा एक युनिट जाळायला तेरा तास घेतो. आईला मी दुपारी पंखा बंद करायला सांगत होतो, आणि सकाळी गिझर लावून पेपर वाचत बसणारा घरात एकच माणूस होता.

आईच्या गोळ्यांबद्दल लिहावं की नाही, यावर मी बराच अडलो.

ती कधी काही मागायची नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी, एवढाच तिचा खर्च. तो आकडा मी दर महिन्याला वाचायचो. कमी कर असं कधीच म्हणालो नाही, नुसता वाचायचो. एका सकाळी बेसिनपाशी तिला भोवळ आली. डॉक्टरांनी मोजलं तर वरचा आकडा एकशे नव्वद. गोळ्या नियमित घेताय ना, असं त्यांनी विचारलं. "घेते की," ती म्हणाली. घरी आल्यावर तिची गादी झटकताना उशाखालची चंची खाली पडली. सुपारी-अडकित्त्याच्या शेजारी कात्रीने कापलेले गोळ्यांचे पट्टे नीट रबर लावून ठेवले होते. एक दिवसाआड घेत होती. का, असं विचारल्यावर म्हणाली, "दर महिन्याला वाचून दाखवायलास की तू."

त्यानंतर रविवारचं वाचन बंद झालं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी गोळ्यांची मूळ औषधी नावं लिहून दिली, आणि जनऔषधीच्या दुकानात तेच औषध महिन्याला दोनशेच्या आत बसलं. हे मी वर्षभर आधी विचारू शकलो असतो. पण मोठ्याने वाचायला काही लागत नव्हतं, डॉक्टरांकडे जायला अर्धा दिवस रजा टाकावी लागली असती.

2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. आठ तारखेला रात्री टीव्हीवर बातमी चालू असतानाच बायको उठून आत गेली आणि साबुदाण्याच्या डब्यातून पाचशेच्या नोटांची गुंडाळी घेऊन आली. वीस हजारांच्या वर होते. त्या काळात घरोघरी असे डबे उघडले, त्यात नवल नाही. मी चक्रावलो ते दुसऱ्याच कारणाने. माझ्या शीटप्रमाणे घरात एवढी शिल्लक असणं शक्यच नव्हतं. एकेक पैसा मांडलेला होता.

"भाजी," ती म्हणाली.

माझ्या शीटमध्ये भाजीचा खर्च वर्षभर चढत होता. त्यावर मी तिला आलेखही काढून दाखवला होता, महागाईवर दोन शब्दही ऐकवले होते. ती संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला जाऊन उतरत्या भावात भाजी आणायची, मला सकाळचा भाव सांगायची आणि मधले पैसे डब्यात. म्हणजे घरात बचत होत होती ती फक्त मला दिलेल्या खोट्या आकड्यांतून. बँकेत तिच्या खात्यावर पैसे भरायला रांगेत मी उभा राहिलो. स्लिपवर 'बचत' लिहिताना हात जरा अडखळला.

आणि मग कर्ज. इथे मात्र माझ्या ज्ञानाचा खरोखर उपयोग होता, आणि नेमकं इथेच मी झोपलो. 1 एप्रिल 2016 पासून बँकांची नवी गृहकर्जं एमसीएलआर नावाच्या दराला बांधली गेली. जुनी कर्जं जुन्या बेस रेटवरच राहिली. बदलून हवं असेल तर आपण अर्ज करायचा. नोटाबंदीनंतर बँकांकडे पैशांचा पूर आला, 2017 च्या जानेवारीत नवे दर धाडकन उतरले. बेस रेट मात्र कासवाच्या गतीने. ही बातमी मी पेपरात वाचली होती, गिझर तापेपर्यंत. आपल्या कर्जाचं काय, हा प्रश्न मनात आलाच नाही.

का आला नाही, याचं कारण मला पुढे सापडलं. व्याजदर बदलला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवते आणि मुदत पुढे-मागे सरकवते. त्यामुळे शीटच्या त्या रकान्यात दर महिन्याला तोच सतरा हजारांचा आकडा. कोथिंबीर वर-खाली व्हायची, म्हणून तिच्यावर नजर. जो आकडा हलत नाही त्याला मी तपासलेला समजत होतो. आणखी एक कारण आहे, ते सांगायला जास्त जड जातं. कोथिंबीर, पंखा, गोळ्या हे खर्च दुसऱ्यांचे होते. बँकेत जाऊन साहेबासमोर खुर्चीवर ताटकळणं माझ्या वाट्याचं होतं. ऑफिसात मी स्वतःचं व्हाउचर कधी तपासत नाही, ते मालक तपासतात.

2018 च्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलाने फ्लॅट बुक केला आणि सहज म्हणून माझा दर विचारला. त्याचा आणि माझा दर यांत पाऊण टक्क्याहून जास्त अंतर होतं. साडेसोळा लाख शिल्लक कर्जावर ते वर्षाला तेरा-चौदा हजार होतात. दीड वर्षात डाळीचे तीन-चार कट्टे पाण्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. एक अर्ज, दोन सह्या, शिल्लक रकमेवर अर्धा टक्का शुल्क आणि वर जीएसटी. चहा पिण्याइतक्या वेळात काम झालं.

घरी सांगितलं. आई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा," एवढंच बोलली आणि पुढची पाकळी सोलली. शुल्काचे नऊ-दहा हजार साबुदाण्याच्या पैशांतून गेले, माझ्याकडे तेवढे नव्हते. बायकोने चेक लिहिला, आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "अहो, हे किरकोळमध्ये टाकू नका."

आता किराणा, भाजी, दूध पुन्हा पाकिटांतून चालतं. शीट अजून आहे, पण तिच्यात कर्ज, विमा, वीज आणि माझा स्वतःचा खर्च एवढंच असतं, आणि ती वाचते बायको. दर वर्षी एप्रिलमध्ये ती मला दराची चौकशी करायला पिटाळते. 2019 च्या ऑक्टोबरात नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायचा नियम आला, तेव्हा तिने आठवड्याच्या आत पुन्हा अर्ज करायला लावला. पुढच्या मे महिन्यात रेपो 4 टक्क्यांवर उतरला आणि लॉकडाऊनमध्ये माझा पगार कापला गेला होता तेव्हा त्याचा मोठा आधार झाला.

विम्याचं तेवढं राहिलंय. 2014 साली एक बचतीची पॉलिसी घेतली होती. वर्षाला चोवीस हजार हप्ता, संरक्षण अगदी जेमतेम, आणि परतावा साध्या मुदत ठेवीच्याही मागे. ती पेड-अप करून तेवढ्या पैशांत भक्कम टर्म इन्शुरन्स घेता येतो, हे मी ऑफिसात दोघांना पटवून दिलं आहे. बायको दर मार्चला विचारते, यंदा करायचं का. पॉलिसी विकणारा माझा सख्खा मावसभाऊ. यंदाच्या मार्चलाही हप्ता भरला.