सात ठिपक्यांचा उन्हाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्स नावाचा परगणा आहे. लंडनहून आगगाडीत बसले की तासाभरात त्याच्या किनाऱ्यावरील ब्रायटन हे नगर येते. येथील समुद्रकिनारा आपल्या कोकणासारखा मऊ वाळूचा नव्हे, गोल गुळगुळीत गोट्यांचा आहे. लाट मागे सरली की ते गोटे एकमेकांवर घासून खळखळतात. नगराच्या पाठीशी खडूच्या टेकड्यांची रांग पूर्वेकडे धावत जाते आणि ईस्टबोर्नजवळ एकाएकी समुद्रात तुटते. त्या तुटलेल्या शुभ्र कड्यांना 'सेव्हन सिस्टर्स', म्हणजे सात बहिणी म्हणतात. त्यांच्याही पुढे बीची हेड हा सुमारे १६२ मीटर उंचीचा कडा उभा आहे. टेकड्यांवर आखूड गवत असते, त्यावर मेंढ्या चरतात. इंग्रजी काव्यात ज्या हिरव्या रंगाची आपण वर्णने वाचली, तो रंग पाहावा तर येथेच.

परंतु २०२५ च्या जून महिन्यात धाकट्या कन्येकडे गेलो असता मला तो हिरवा रंग फारसा भेटला नाही. उन्हाळी सुटीला अर्जित रजेची जोड देऊन मी हा प्रवास केला होता. डोळ्यांना ससेक्सची हिरवळ हवी होती. दिसले ते ग्वाल्हेरच्या वैशाखाची आठवण करून देणारे पिवळे, करकरीत वाळलेले गवत. त्या वर्षीचा वसंत हा ब्रिटनच्या हवामानखात्याच्या आजवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण आणि सर्वाधिक उन्हाचा ठरला. बत्तीस-तेहतीस अंशांना तेथील मंडळी हवालदिल होतात, हे पाहून पंचेचाळीस अंशांत परीक्षांचे पेपर तपासणाऱ्या माणसाला प्रथम गंमतच वाटते. मात्र ज्या भूमीची घरे, झाडे आणि माणसे थंडीसाठी घडली आहेत, त्या भूमीला बत्तीस अंशही जड जातात हे चार दिवसांत पटते.

या वाळलेल्या देखाव्यात एकच रंग विलक्षण ताजा होता, तो म्हणजे तांबडा. कुंपणाच्या तारेवर, थिसलच्या काटेरी बोंडांवर, वाळत घातलेल्या चादरीवर, बाकाच्या पाठीवर, जिकडे पाहावे तिकडे लहान, वाटोळे, काळ्या ठिपक्यांचे किडे. माझी आठ वर्षांची नात त्यांना तळहातावर घेई आणि बोटाच्या टोकापर्यंत चढू देई. टोक आले की पाठीवरची दोन तांबडी कवचे उघडत, त्यांखालून घडी घातलेले पातळ पंख बाहेर येत आणि किडा उडून जाई. "आजोबा, ह्याला सात ठिपके, म्हणजे हा सात वर्षांचा. माझ्यापेक्षा लहान!" असा तिचा हिशेब. इंग्लंडातील पुष्कळ मुलांची अशीच समजूत असते. वास्तविक ठिपके त्याची जात सांगतात, वय नव्हे. आणि हा जीव जेमतेम वर्षभर जगतो. मी तसे सांगितले तेव्हा ती जराशी हिरमुसली, पण मोजणे तिने सोडले नाही.

इंग्रजीत याचे नाव 'लेडीबर्ड'. ही 'लेडी' म्हणजे येशूची माता मेरी. जुन्या चित्रांत तिचा झगा तांबडा दाखवीत, आणि सात ठिपक्यांत श्रद्धावंतांना तिची सात सुखे व सात दुःखे दिसली, असा या नावाचा उलगडा करतात. जर्मन लोकही त्याला मेरीचाच भुंगेरा म्हणतात. आपल्या शेतकी पुस्तकांत त्याला 'ढालकिडा' किंवा 'चित्रांग भुंगेरा' असे नाव आहे. त्याची पाठ खरोखरच ढालीसारखी असल्याने पहिले नाव मला अधिक चपखल वाटते. आपल्या मुलांच्या ओळखीचा तांबडा जीव मात्र निराळा. तो मृगाचा किडा, ज्याला इकडे हिंदीत बीरबहूटी म्हणतात. त्याला आठ पाय असतात, अंगावर मखमल असते, आणि तो पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतो. आपला तांबडा जीव पावसाची वर्दी देतो. इंग्लंडचा तांबडा जीव त्या उन्हाळ्यात पाऊस न पडल्याची वर्दी देत होता.

एवढे ढालकिडे आले कोठून? ते कोठून आलेले नव्हते, तेथेच वाढले होते. ढालकिड्याचे मुख्य अन्न मावा. कोवळ्या शेंड्यांवर चिकटून रस शोषणारे हे हिरवे-काळे कण. माव्याची मादी उन्हाळ्यात नराविनाच पिलांना जन्म देते आणि ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. वसंत लवकर तापला की मावा बेसुमार वाढतो. हिवाळाभर पालापाचोळ्यात निजलेले ढालकिडे त्याच सुमारास जागे होतात, माव्याजवळ पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतात, आणि चार-सहा आठवड्यांत नवी पिढी पंख पसरते. एक ढालकिडा आयुष्यात पाच हजारांपर्यंत मावे फस्त करतो, असे सांगतात. अन्न मुबलक आणि हवा उबदार असली की अळ्या फारशा मरत नाहीत, आणि जून संपता संपता तांबड्या रंगाचा पूर येतो.

शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई राहत. संध्याकाळी त्या कुंपणापाशी उभ्या राहून कन्येशी बोलत. एके दिवशी नात हातभर ढालकिडे घेऊन त्यांना दाखवायला गेली, तर त्या दोन पावले मागे सरल्या. मुलांच्या गाण्यांतला, पोस्टकार्डांवरचा हा लाडका किडा. त्याची धास्ती कशाची? तेव्हा त्यांनी १९७६ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी त्या बारा वर्षांच्या होत्या.

१९७६ चा उन्हाळा इंग्लंडातील लोक अजून विसरलेले नाहीत. आदल्या वर्षापासून पाऊस रुसला होता. २३ जून ते ७ जुलै असे सलग पंधरा दिवस देशात कोठे ना कोठे पारा बत्तीस अंशांवर गेला. काही भागांत घरचे नळ बंद होऊन रस्त्यावरील नळावर बादल्या घेऊन रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये सरकारने अवर्षणासाठी स्वतंत्र मंत्री नेमला, आणि नेमणुकीनंतर काही दिवसांतच पाऊस कोसळला, हा विनोद तेथे अजून सांगतात. त्या वसंतात मावा उदंड झाला, म्हणून ढालकिडेही उदंड झाले. मग उन्हाने झाडे सुकली, रस आटला, मावा संपला. अब्जावधी भुकेले ढालकिडे अन्नाच्या शोधात उडाले आणि जमीन संपली तेथे, दक्षिण व पूर्व किनाऱ्यावर, येऊन थांबले. जुलैअखेर त्या किनाऱ्यांवर सुमारे २,३०० कोटी ढालकिडे होते, असा अंदाज तेव्हा कीटकतज्ज्ञांनी केला होता. पाऊल टाकावे तेथे पायाखाली करकर आवाज. समुद्रात पडून बुडालेल्यांच्या तांबड्या रेघा भरतीने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या. आणि जे जिवंत होते ते ओलाव्यासाठी माणसांच्या घामावर बसत, मुलांच्या हातच्या आइस्क्रीमवर तुटून पडत आणि चावतही.

"आम्हांला वाटले, हे आमच्यावर चाल करून आले आहेत," बाई म्हणाल्या. "ते तहानलेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले."

कन्येने त्याचे मराठी करून सांगितले आणि हळूच म्हणाली, "बाबा, म्हणून त्या घाबरल्या." हे वाक्य मी टिपून ठेवले. गर्दी पाहिली की आपण तिला एकतर सुबत्ता समजतो, नाहीतर आक्रमण. त्या गर्दीच्या पोटात भूक असेल, हे सहसा मनात येत नाही.

२०२५ ची गर्दी १९७६ च्या पासंगालाही पुरणारी नव्हती. तरी वर्तमानपत्रांतून कौतुक झाले, घरोघर छायाचित्रे काढली गेली. त्या कौतुकाला दुसरी बाजू आहे. मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवर आपटून मेलेले किडे मोजण्याचा एक उपक्रम ब्रिटनमध्ये अनेक नागरिक मिळून चालवतात. त्याच्या मोजणीत २०२१ ते २०२४ या काळात अशा किड्यांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. एक चांगला उन्हाळा आला म्हणून ही घसरण थांबली, असे मानता येत नाही. उत्पन्न वर्षानुवर्षे घटत चाललेल्या घरात एका लग्नाला पंगती उठल्या, तर ते घर श्रीमंत झाले असे आपण म्हणत नाही.

शिवाय ढालकिड्यांतही सारे आलबेल नाही. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा कॅलिफोर्नियात नेला गेला आणि त्याने तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीपासून वाचवल्या. त्या यशाने माणसाचा हात सैल झाला. पूर्व आशियातील हार्लेक्विन नावाचा दांडगा ढालकिडा असाच माव्याच्या बंदोबस्तासाठी युरोप खंडात आणला गेला. २००४ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोचला, काही वर्षांत सर्वत्र पसरला आणि दोन ठिपक्यांच्या मूळच्या ढालकिड्याला त्याने मागे रेटले. तो इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्याही खातो. दोष त्या किड्याचा नव्हे. त्याला नेऊन सोडताना पुढचा हिशेब कोणी केला नव्हता.

निघण्याच्या आठवड्यात जावईबापूंनी मला ब्रायटनमागच्या टेकडीवर नेले. तेथे एक संगमरवरी छत्री आहे. 'छत्री' म्हणजे काय, हे लष्करात राहणाऱ्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. शिंद्यांच्या छत्र्या आपण लहानपणापासून पाहतो. इंग्रजही या वास्तूला 'छत्री'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यातील रुग्णालयात आणले जात. त्यांपैकी दगावलेल्या त्रेपन्न हिंदू व शीख सैनिकांचे दहन या उघड्या टेकडीवर झाले. त्या जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी ही छत्री खुली झाली. आठ खांब, वर घुमट, आणि पायथ्याशी चितांच्या चौथऱ्यांवर ठेवलेल्या दगडी शिळा. भोवतीचे गवत वाळलेले होते, खाली दूरवर समुद्र चकाकत होता, आणि तापलेल्या शिळेच्या कडेने सात-आठ ढालकिडे सावलीच्या दिशेने चालले होते. नातीने त्यांना हात लावला नाही. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, नमस्कार केला आणि परतलो. पुढे जुलैच्या मध्यानंतर ससेक्सच्या काही भागांत बागेला नळीने पाणी घालण्यास बंदी झाल्याचे कन्येने कळवले.

वाचकहो, या किड्याला पाहायला ससेक्सला जाण्याची गरज नाही. तोच सात ठिपक्यांचा ढालकिडा, जातीने अगदी तोच, ग्वाल्हेर, मुरैना आणि भिंडच्या मोहरीवर पौष-माघात सापडतो. मोहरीवर पडणाऱ्या ज्या किडीला आपला शेतकरी 'माहू' म्हणतो, ती त्याचे भक्ष्य. फुलोऱ्याच्या सुमारास शेंडे माहूने काळवंडले की शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेतो. त्याचे वर्षाचे उत्पन्न त्या शेंगांत असते. त्याला बोल लावणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मात्र औषध माहूबरोबर ढालकिड्यालाही मारते. माहू आठवड्यात पुन्हा वाढतो. त्याला खाणाऱ्याची पिढी तयार व्हायला महिना लागतो. म्हणूनच कीड ठराविक मर्यादेपलीकडे गेली तरच फवारावे आणि तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, असे शेतकीतज्ज्ञ सांगतात.

त्याहून वाईट गत ढालकिड्याच्या अळीची. ती तांबडी नसते, वाटोळीही नसते. करड्या-काळ्या रंगाची, पिवळसर ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी लांबट आणि ओबडधोबड दिसते. तिच्यावर कोणी गाणे रचले नाही. हीच पिकावरची कीड, असे समजून माणसे तिला चिरडतात, आणि माहू तर ती ढालकिड्याइतकाच खाते.

आमच्या शाळेतील निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत. परतल्यावर सातवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन चित्रे काढली, एक ढालकिड्याचे आणि एक त्याच्या अळीचे, आणि यांतला मित्र कोण असे विचारले. साऱ्यांची बोटे ढालकिड्याकडे गेली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, "सर, हा दुसरा आमच्या सरसोंवर असतो. बाबा याला मारतात."

"येत्या माघात बाबांना शेतात घेऊन जा," मी म्हणालो, "आणि तो काय खातो ते दोघे मिळून पाहा."