दोन गाड्या, एक तक्ता आणि सदतीस मीटर



आज विषय थोडा वेगळा घेतेय. गाडीचा. तुम्ही म्हणाल, मॅडम, इथं अभ्यासाचं लिहायचं सोडून गाडी कशाला? पण तुमच्या वर्गात आठवी-नववीची मुलं असतील तर तुम्हाला ठाऊक आहे, धडा पाठ नसला तरी कोणत्या गाडीचं इंजिन किती सीसीचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमचं तामलवाडी तर सोलापूर-तुळजापूर महामार्गावरचंच. टोलनाका गावाजवळ. मुलं दिवसभर गाड्या बघतात आणि आवाजावरून ओळखतात. हे कुतूहल वाया का घालवायचं?

निमित्त घरातलंच होतं. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. २०२४ च्या नवरात्राआधी त्यानं फोन केला, "मावशी, गाडी घ्यायची आहे. दोन ठरवल्यात. आई तुझं ऐकती, तूच सांग." कर्जाला जामीनदार मीच राहणार होते, म्हणजे सही माझी. आणि तो शनिवारी रात्री पुण्याहून निघाला की घरी पोचेपर्यंत माझी ताई झोपत नाही. त्यामुळे "तुला आवडेल ती घे" असं म्हणून मोकळं होता येईना.

दोन गाड्या कोणत्या?

एक टाटाची अल्ट्रॉझ रेसर, दुसरी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाईन. दोन्ही मूळच्या घरगुती हॅचबॅक, म्हणजे मागचा दरवाजा वर उघडणाऱ्या छोट्या गाड्या. त्यांनाच जोरदार इंजिन आणि थोडा खेळाडूचा पोशाख चढवलाय. ही कल्पना काही नवी नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगननं १९७५ साली गोल्फ जीटीआय दाखवली, पुढं १९८४ ला फ्रान्सच्या प्यूजोनं २०५ जीटीआय आणली. बाजारहाटाची गाडी आणि शर्यतीची मजा एकातच, हे तेव्हापासून चालत आलंय. कोणती सरस, हा वादही तेव्हापासूनचाच.

आपल्याकडच्या दोघी कागदावर जवळजवळ जुळ्या बहिणी. जून २०२४ मध्ये आलेल्या रेसरचं इंजिन १.२ लिटर टर्बो, ताकद १२० पीएस, टॉर्क १७० न्यूटन मीटर. एन लाईनचं इंजिन १ लिटर टर्बो, ताकद तीच १२० पीएस, टॉर्क १७२. टर्बो म्हणजे काय, तेही मुलांना सांगून टाका. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते जास्तीची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येतं आणि इंजिन लहान असूनही जोर येतो.

ताकद सारखीच असेल तर निवडायचं कशावरून? खरा अभ्यास इथून सुरू होतो.

वर्गातला तक्ता

मी हा प्रश्न नववीच्या वर्गात नेला. माहिती मी दिली, तक्ता मुलांनी केला. फळ्यावर आलं ते असं.

किंमत: २०२४ मध्ये रेसर ९.४९ लाखांपासून होती, एन लाईन ९.९९ लाखांपासून. दोन्ही शोरूमच्या किमती, रस्त्यावर येईपर्यंत आणखी वाढतात.

ब्रेक: एन लाईनला चारही चाकांना डिस्क. रेसरला पुढं डिस्क, मागं ड्रम.

गिअर: रेसरला फक्त हातानं टाकायचे सहा गिअर. एन लाईनमध्ये तेही आहेत आणि जास्त पैसे दिले तर ऑटोमॅटिकही.

सामानाची जागा: अल्ट्रॉझ ३४५ लिटर, आय-ट्वेंटी ३११ लिटर.

दरवाजे: अल्ट्रॉझचे दरवाजे थेट ९० अंशात उघडतात. "मॅडम, काटकोनात!" एक पोरगी ओरडली. हो, काटकोनात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या काटकोनाची किंमत विचारा.

सुरक्षा: एअरबॅग दोन्हीत सहा. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत साध्या अल्ट्रॉझला २०२० साली मोठ्या माणसांसाठी ५ तारे मिळाले, साध्या आय-ट्वेंटीला २०२२ मध्ये ३. दोन्ही चाचण्या दोन एअरबॅगवाल्या साध्या गाड्यांवर झालेल्या, हे मुलांना मुद्दाम सांगितलं. पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी दोन्ही गाड्यांना ३-३ च तारे होते. "पाच तारे" ऐकून आपण निवांत होतो, पण ते तारे कुणासाठी, हे विचारत नाही.

मग प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण दिले आणि मुद्दा किती महत्त्वाचा, त्याप्रमाणे भार दिला. वर्गात दोन गट केले. गंमत बघा, गुण दोन्ही गटांचे जवळपास सारखे, पण निकाल उलटा! एका गटानं ब्रेक आणि चालवायच्या मजेला जास्त भार दिला, त्यांची एन लाईन जिंकली. दुसऱ्या गटानं किंमत, दरवाजे आणि ताऱ्यांना भार दिला, त्यांची रेसर. भारित सरासरी मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांना ती त्या दिवशी कळली तशी कधी कळली नव्हती. गाड्या त्याच होत्या. फरक होता तो आपण कशाला महत्त्व देतो यात.

"एवढी पावर लागती कशाला?"

हा प्रश्न मागच्या बाकावरून आला. मला तो फार आवडला.

एकपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रकला ओलांडताना जोरदार इंजिन कामी येतं, समोरच्या बाजूला कमी वेळ राहावं लागतं. हे खरंय, नाकारायचं कशाला? पण वेग वाढवणं अर्धंच काम. थांबणं उरलेलं अर्धं. म्हणून आम्ही थांबण्याचं गणित केलं. समोर अडथळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला. कोरड्या डांबरी रस्त्यावर दर सेकंदाला वेग ७ मीटर प्रति सेकंदानं कमी होतो असं धरलं. गतीची समीकरणं नववीला आहेतच.

ताशी ६० किलोमीटर वेगाला: एका सेकंदात जवळपास १७ मीटर, नंतर ब्रेकचे २० मीटर, एकूण ३७ मीटर.

ताशी १०० ला: २८ आणि ५५, एकूण ८३ मीटर.

टेप आणि फक्की घेऊन मैदानावर गेलो. ३७ मीटरची रेघ मैदानात बसली. ८३ मीटर मोजायला गेलो तर मैदान संपलं आणि टेप फाटकाबाहेर गेला. मुलं गप्प झाली. वेग दुप्पटसुद्धा झाला नव्हता, पण अंतर दुपटीच्या वर गेलं होतं. कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वहीत हे सूत्र असतं. मैदानावर ते चालून पाहायला मिळालं.

आणि आमचा रस्ता नुसता गाड्यांचा नाही. कोजागिरीला सोलापूर आणि कर्नाटकातून भाविक आईच्या दर्शनाला याच वाटेनं तुळजापूरला अनवाणी चालत जातात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, कितीकांना मागं लाल दिवा नसतो. पोरं शाळेला येतात, म्हातारी माणसं शेळ्या घेऊन रस्ता ओलांडतात. चौपदरी रस्त्यावर मोटार ताशी १०० नं येत असली, तरी ओलांडणाऱ्या म्हातारीला ते ८३ मीटर कुठं दिसतात?

भाच्याचं काय ठरलं?

मी त्याला निर्णय सांगितला नाही. मुलांचा कोरा तक्ता आणि ते ३७-८३ चं गणित पाठवलं. सोबत एक हिशोबही. पुणे ते सोलापूर अंदाजे २५० किलोमीटर. सरासरी ७० ठेवली तर साडेतीन तासांच्या वर चार मिनिटं, ८० ठेवली तर तीन तास आठ मिनिटं. वाचतात २६ मिनिटं. म्हणजे एक चहा आणि एक वडापाव.

दोन्ही गाड्या त्यानं चालवून पाहिल्या. मन एन लाईनवर बसलं होतं. "मावशी, गिअर काय मस्त पडतो तिचा!" मी म्हटलं, घे की मग, सही करते. ती चुकीची गाडी नव्हतीच. चार दिवसांनी तक्ता भरून आला. खाली त्यानं स्वतः एक मुद्दा वाढवला होता, "आईला चढता-उतरता येणं", आणि सगळ्यात जास्त भार त्यालाच दिला होता. रेसर बुक केली. मागच्या ड्रम ब्रेकबद्दल अजून कुरकुरतो. ती कुरकुर रास्तच आहे.

सही करताना मी एकच अट घातली. शनिवारी रात्री नाही, रविवारी पहाटे उजेड पडल्यावर निघायचं. ती त्यानं मान्य केली. ताई आता शनिवारी झोपते.

पालकांनो, तुमचं लेकरू उद्या अशीच वेगवान गाडी नाहीतर मोटारसायकल मागेल. "नको म्हणजे नको" म्हटलं तर ते मित्राची घेऊन पळवेल. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून तक्ता करा. भार त्यालाच देऊ द्या. त्यानं कशाला किती भार दिला, ते बघितलं की आपलं लेकरू किती मोठं झालंय ते कळतं.

शिक्षकांनो, एक टेप, थोडी फक्की आणि दोन तासिका एवढंच लागतं. तुमच्या मैदानात ८३ मीटर बसतात का, मोजून बघा आणि मला जरूर कळवा.