नाणेघाटाला मोटारीने

डोंबिवलीकराला प्रवास म्हटले की आधी फलाट आठवतो. दारात मोटार उभी असूनही आमचे तसेच होते. पण गेल्या दिवाळीनंतर आबांनी हट्टच धरला. ‘मला एकदा नाणेघाट दाखवा.’ आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी ते वैशाखऱ्याहून पायी घाट चढलेले. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, तिथे घाट कुठला! राहिला मोटारीचा रस्ता.

निघावे ते पहाटे, सहाच्या आत. नाहीतर शहाडच्या पुलावरच नाश्त्याची वेळ होते. ठाणेकरांनी माजिवड्याहून नाशिकचा रस्ता धरावा, रांजणोलीला वळावे आणि कोनवरून दुर्गाडीच्या पुलाने कल्याणात शिरावे. पुलावरून खाली खाडी दिसते. सातवाहनांच्या काळी कल्याण हे नावाजलेले बंदर होते. गलबतांतला माल बैलांच्या पाठीवर चढे आणि नाणेघाटाने जुन्नर, पैठण गाठी. आपण त्याच वाटेने निघालो आहोत, हे ध्यानात ठेवले की वाहनांच्या गर्दीचा त्रास जरा कमी होतो.

शहाडनंतर म्हारळ, कांबा, मग रायते. इथला उल्हास नदीवरचा पूल दिवाळीनंतर गरीब दिसतो; पण 2021 च्या जुलैत पुराने इथली वाहतूक बंद पाडली होती. पावसाळ्यात निघणाऱ्याने आधी रायत्याची चौकशी करावी, मग डबे भरावेत. पेट्रोल मुरबाडला घ्यावे. सरळगाव, टोकावडे मागे पडले की डोंगरांची भिंत समोर येते.

वैशाखऱ्यापुढे उजव्या हाताला नानाचा अंगठा दिसला आणि आबा मागच्या आसनावर ताठ बसले. ‘थांबव, थांबव! इथूनच तर चढायचं!’ आम्ही थांबलो. वाट झाडीत शिरत होती. दोन-तीन तासांची चढण. आबा खिडकीतून पाहत राहिले, उतरले मात्र नाहीत. सौभाग्यवतींनी चहाचा थर्मास पुढे केला.

मोटारीला मात्र माळशेज चढावा लागतो. वळणावर कर्णा वाजवावा, धुके असल्यास दिवे लावून सावकाश जावे आणि धबधबा कितीही सुंदर असला तरी कड्याखाली गाडी उभी करू नये. 2018 च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून हा घाट काही दिवस बंद होता. वर खुबी फाट्याशी पिंपळगाव जोग्याचे पाणी दिसते. तिथून मढ, मग बनकर फाट्याला उजवीकडे वळून गणेशखिंडीतून जुन्नर. जेवण जुन्नरलाच उरकावे, पुढे भरवसा नाही. आपटाळे, चावंडवरून घाटघर आणि घाटघरनंतर रस्ता संपतो, तो थेट घाटमाथ्यावर.

जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण तिथेच आहे. नळीसारख्या खिंडीतून थोडे उतरले की लेणे लागते. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. तिच्या कुळातल्यांचे पुतळे होते, त्यांची आता पावलेच उरली आहेत. वर नावे शाबूत आहेत. आबा भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरले. पावलांपाशी बराच वेळ उभे राहिले. स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवला, बोलले काही नाही.

तीन वाजता मी परतायची घाई करू लागलो. अंधारात माळशेज उतरू नये, हा माझा नियम आहे आणि तो वाचकांनीही पाळावा. आबा कड्यापाशी उभे होते. खाली सकाळचा रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता. आम्ही चहा घेतला ती जागाही साधारण ओळखू येत होती. गाडीने तिथे पोचायला आणखी तीन तास.

‘तुम्ही गाडी घेऊन या,’ आबा म्हणाले, ‘मी इथून उतरतो. वैशाखऱ्याला तुमच्याआधी पोचेन.’

हिशेब अगदी बरोबर होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.