डायनासोर आणि विश्वसनीयता

मराठीच्या वर्गात आम्ही स्पीलबर्गचा ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) दाखवतो, याचे सहकाऱ्यांना नवल वाटते. पण कथेतील विश्वसनीयता आणि विधानाची सत्यता यांतील भेद शिकवणे साहित्याच्या अध्यापकाचेच काम नव्हे काय? राळेत गोठलेल्या डासाच्या पोटातील रक्तापासून डायनासोर घडतो, हे पडद्यावर एक हसरे व्यंगचित्र समजावते आणि विद्यार्थ्यांना पटते. मग आम्ही विचारतो : सांगणारा कोण? पुरावा कोणता? डायनासोर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लोपले. ग्रीनलंडच्या मातीतून मिळालेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला सर्वांत जुना डीएनए मात्र सुमारे २० लाख वर्षांचाच. चित्रपटाची गोडी याने उणावत नाही. मोबाइलवर आलेल्या रामबाण औषधाच्या संदेशालाही विद्यार्थी हेच प्रश्न विचारू लागला, तर आमचा तास सार्थकी लागला.