सतलजच्या काठाने, सावकाश

डोंगरात जावयाचे ठरले की आपण पहिल्याने काय करतो? रजेचे दिवस मोजतो, नकाशा पसरतो आणि अंतराला दिवसांनी भागतो. शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीतील काझा गाव सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. सपाट मुलखात ही एका दिवसाची मजल. तेव्हा डोंगरात फार तर दोन दिवस, असा हिशेब सहज मनात येतो. वाचकहो, असाच हिशेब आम्हीही एकदा मांडला होता. त्याची हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील सूचनांचे प्रयोजन आपल्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी, रजा पाचच दिवसांची म्हणून, आम्ही स्पितीचा जवळचा रस्ता धरला. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील मनालीहून पहाटे निघालो, साडेचार हजार मीटरांहूनही उंच अशी कुंझुमची खिंड ओलांडली आणि रात्री काझ्याला उतरलो. काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. सत्तरीकडे झुकलेली आई बरोबर होती. ताबोचा प्राचीन मठ पाहावा ही तिची फार दिवसांची इच्छा. पण त्या रात्री तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, बसल्या जागी धाप लागू लागली. डॉक्टरांनी प्राणवायू दिला आणि निक्षून सांगितले, "हिला खाली न्या. खरे औषध तेच." सकाळी आम्ही सतलजच्या दिशेने उतरू लागलो. वाटेत ताबो आले आणि मागे पडले. गाडी थांबवा, असे म्हणण्याचे त्राण तिच्यात नव्हते, आणि धैर्य आमच्यात नव्हते.

दोष डोंगराचा नव्हता, आमच्या घाईचा होता. विरळ हवेची सवय व्हावयास शरीराला वेळ लागतो. वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण नियम असा, की तीन हजार मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची सुमारे पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. म्हणून या प्रवासाचा आराखडा किलोमीटरांवर नव्हे, मुक्कामांवर बांधावा. दहाबारा दिवस हाताशी असतील तरच निघावे, आणि जावे ते शिमल्याच्या बाजूने.

पहिला मुक्काम नारकंड्याला करावा. देवदारांची दाट राने येथे आहेत. जवळच कोटगढच्या परिसरात सॅम्युएल स्टोक्स या भारतीय झालेल्या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून सफरचंदाची रोपे आणून लावली. हिमाचलच्या बागांची आजची समृद्धी त्या रोपांची ऋणी आहे. पुढे रस्ता उतरून रामपूरला सतलजच्या काठी येतो आणि पुन्हा चढून सराहनला जातो. तेथील भीमाकालीचे मंदिर सावकाश पाहावे. दगडांचे आणि देवदाराच्या तुळयांचे थर एकावर एक रचून उभारलेल्या त्या भिंती भूकंपाच्या प्रदेशातील कारागिरांच्या शहाणपणाची साक्ष देतात.

कल्प्याला मात्र दोन रात्री राहावे. उंची तीन हजार मीटरांच्या जरा खाली, समोर किन्नर कैलास. या गावाचे जुने नाव चिनी. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे शिक्षक श्याम सरन नेगी येथलेच. देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या आरंभी मतदान झाले. परंतु हिवाळ्यात येथल्या वाटा बर्फाने बंद होणार, म्हणून किन्नौरात ते ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकावे लागले. सार्वत्रिक निवडणुकीनेही जेथे पर्वताच्या सोयीने तारीख बदलली, तेथे आपल्या रजेची काय प्रतिष्ठा!

कल्प्याच्या पुढे खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि हिरवा मुलूख संपून उघड्यावाघड्या, मातकट पर्वतांचे राज्य सुरू होते. नाको गावी थांबून तळे पाहावे. पण मुक्काम तेथे करू नये, कारण नाको कल्प्याहून सुमारे सातशे मीटर उंच आहे. रात्रीपुरते जरा खाली, ३,२८० मीटरांवरील ताबोला यावे व तेथे दोन दिवस काढावे. काझा त्यानंतर. की मठाची चढण त्याहीनंतर.

काळ निवडावा तो सप्टेंबरचा उत्तरार्ध. पाऊस ओसरलेला असतो आणि किन्नौरच्या बागांत सफरचंदे उतरविणे चालू असते. भर पावसाळ्यात हा रस्ता टाळावा. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरातील निगुलसरी येथे दरड कोसळून प्रवाशांनी भरलेली बस गाडली गेली, हे विसरून चालणार नाही. अंधारात गाडी हाकू नये. निघण्यापूर्वी समोरून आलेल्या बसचालकांना रस्त्याची खबर विचारावी. रिकाँग पिओच्या परिसरात पेट्रोलची टाकी भरून घ्यावी, रोख पैसे जवळ ठेवावे, आणि दोन दिवस रिकामेच राखावे. दरडीने रस्ता अडलाच तर ते दोन दिवस आपले मन शांत ठेवतील. कुंझुमची वाट उघडी असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर परतताना मनालीकडे उतरावे. एरवी आल्या वाटेने परतण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसऱ्या खेपेस, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, आम्ही असेच गेलो. दुपारची झोप, संध्याकाळचे दोन फर्लांग चालणे, वाटेत चहा. आई थकली की त्या दिवशीचा कार्यक्रम संपला. सातव्या दिवशी ती आपल्या पायांनी ताबोच्या मठात शिरली. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला तो मठ बाहेरून मातीच्या साध्या घरासारखा दिसतो. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग एकेक करून भिंतींवरच्या मूर्ती आणि चित्रे प्रकट होऊ लागतात. आम्ही लगबगीने पुढच्या दालनाकडे वळलो, तेव्हा आईने हात धरून थांबविले. म्हणाली, "थांबा रे जरा. मला आत्ता कुठे दिसायला लागलंय."